परातीचं कल्याणकडचं तोंड

वन्सं, बातमी आहे. मोठी आहे, आणि सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. पण तुम्हाला मधूनच सुरुवात केलेली खपत नसे. "माधवी, आधी वारा कुठला होता, पाणी किती होतं ते सांग, मग काय किंचाळायचं ते किंचाळ," असं म्हणायचात. म्हणून क्रमाने सांगते. तुम्हाला जाऊन जेमतेम तीन आठवडे होतायत. घरात सगळे अजून दबक्या आवाजात बोलतात, टीव्ही लावला तरी आवाज बंद ठेवतात. आणि मी मात्र कालपासून हवेत आहे. नणंद गेल्यावर भावजयीने असं नाचणं काही बरं दिसत नाही, म्हणून आपली वही घेऊन गॅलरीत बसले आहे.

तुमच्याबद्दल शाळेच्या अंकात छापून आलं ते वाचलं. आदर्श शिक्षिका, शिस्तप्रिय, मितभाषी. मितभाषी वाचून मला ठसकाच लागला. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी तुम्हाला होडीत बघितलेलं नसणार.

सगळी नोकरीभर तुम्ही भूगोल शिकवलात. फळ्यावर एकीकडे समुद्र, एकीकडे जमीन, दिवसा इकडून तिकडे बाण म्हणजे खारे वारे, रात्री तिकडून इकडे बाण म्हणजे मतलई वारे. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "इतके बाण काढले गं मी, एक अंगावर घेतला नाही." आम्हाला वाटलं, बाई जरा हळव्या झाल्या आहेत, होतील बऱ्या. तर पुढच्याच रविवारी तुम्ही रेतीबंदरावर जाऊन काशिनाथदादांची जुनी, चपट्या बुडाची होडी घेऊन मोकळ्या! तुमचा भाऊ हबकलाच. "ताई, डोंबिवलीत होडी?" त्यावर तुम्ही म्हणालात, "बाळ्या, डोंबिवलीला खाडी आहे. तुला फक्त स्टेशन माहीत आहे."

मला त्यात ओढलंत ते केवळ पुढे बसायला कोणीतरी हवं म्हणून. मी घाटावरची, साताऱ्याकडची. विहिरीत सूर मारणारी, पण खारं पाणी पाहिलं ते लग्नानंतर. नवी नवरी असताना घाबरून तुम्हाला "वन्सं" म्हणायला लागले आणि तेच राहिलं, भीती मात्र पहिल्या दिवाळीपर्यंतसुद्धा टिकली नाही. तुम्ही मागे सुकाणूवर आणि मी पुढच्या टोकाला, नाळेवर, बांबू घेऊन, अशी आपली वाटणी. बांबूला मी ब्लाऊजपिसांच्या दोन पट्ट्या बांधल्या होत्या. गुडघ्याच्या उंचीला लाल, त्याच्या खाली पिवळी. लाल बुडाली की होडी जाते. लाल दिसायला लागली की सावध, आणि पिवळी दिसली की रुतलोच.

आणि शीड! ते आठवलं की मला अजून हसू येतं. कापड तुम्ही आणलंत, शिवलं मी, आपल्या हॉलमध्ये सोफे उभे करून. शेजारच्यांना वाटलं, बाल्कनीला पावसाची झडप करतायत. पहिलं शीड तुम्ही पट्टी लावून आखलेलं, एकदम सपाट. वारा यायचा आणि त्याच्यावरून घसरून निघून जायचा, होडी तिथल्या तिथे. मी म्हटलं, वन्सं, याला पोट हवं, सपाट कापड अंगावर बसत नाही. कडेने टक घालू, ब्लाऊजला घालते तसे. तुम्ही म्हणालात, "शीड म्हणजे ब्लाऊज आहे का?" मी गुपचूप टक घातले. त्या दिवशी मुंब्र्याच्या डोंगराखालून खारा वारा आला, शीड फट्‌कन फुगलं, होडी अशी उसळली की तुमची टोपी खाडीत गेली. तुम्ही मागे वळून टोपीकडे बघितलंही नाहीत. नुसत्या "अगं! अगं! अगं!" म्हणत राहिलात. टकांबद्दल एक शब्द नाही. संध्याकाळी भावाला मात्र सांगत होतात, "मी शिडाला जरा आकार दिला."

किती जागा शोधल्या आपण! बाहेरून बघणाऱ्याला खाडी म्हणजे काळं पाणी, जलपर्णी आणि पुलावरून फेकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या. पण तिवरांच्या आत वळलं की एकेक खण उघडत जायचा. ओहोटीबरोबर खाली जायचं, एखाद्या वळणात नांगर टाकून डबा खायचा आणि भरतीच्या पाठीवर बसून घरी यायचं. जागांना नावं आपणच दिली. कांदेपोह्यांचं वळण, जिथे पोहे खाता खाता पाणी निघून गेलं आणि आपण चिखलात होडीसकट बसून राहिलो, पुढची भरती येईपर्यंत. तुमच्या भावाचा फोन आला तेव्हा तुम्ही सांगितलंत, "बँकेत रांग आहे." दिव्याच्या पुढे तो खडक, ज्याच्या आडोशाला वारा एकदम थांबतो, त्याला मी नाव दिलं मामंजी. कारण तिथे आलं की तुम्हीसुद्धा गप्प व्हायचात.

आणि परात. ती पहिल्यांदा दिसली नवरात्रात, डोंगरावरच्या देवीला गेलो तेव्हा. पायऱ्या चढून मी धापा टाकत होते आणि तुम्ही देवीकडे पाठ करून खाडीकडे बघत होतात. खाली, तिवरांच्या गर्दीत, एक गोल चमकणारं पाणी. जुनं मिठागर, बांध फुटल्यामुळे खाडी आत शिरलेली. एखादी मोठी परात पालथी न घालता कोणी विसरून गेलंय अशी. बांधाला दोन ठिकाणी खिंडार, एक कल्याणच्या बाजूला, एक ठाण्याच्या. "आत नांगर टाकायचा," तुम्ही म्हणालात. "आत जाऊन, नांगर टाकून, चहा प्यायचा." देवीकडे काय मागितलंत असं मी उतरताना विचारलं, तर म्हणालात, "हात जोडायचे राहिले बघ."

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तुमचं म्हणणं, भरती ठाण्याकडून वर येते, तर ठाण्याकडचं तोंड पाण्याने धुऊन खोल झालेलं असणार. भूगोलाच्या बाईंचं म्हणणं, त्याला कोण हात लावणार? माझं म्हणणं एवढंच की ठाण्याकडच्या तोंडात रोज बगळे उभे असतात, अगदी मध्यभागी, आरामात. कल्याणकडच्या तोंडात एकही नसतो. बगळा काही पोहत नाही. तुम्ही म्हणालात, "बगळ्यांवर भूगोल चालत नाही." मी म्हटलं, "चालवून बघू की." शेवटी माझ्यावर उपकार केल्यासारखं तुम्ही एकदा कल्याणकडचं तोंड बघायला तयार झालात.

एकादशीचा दिवस होता. आपल्या घरी उपास, डब्यात साबुदाण्याची खिचडी. भरतीची वेळ तुम्ही नेहमीप्रमाणे तिथीवरून काढलेली, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास, आणि खाडीत पाणी उशिरा पोचतं म्हणून वर थोडी भर घालायची. मोबाइलवर वेळ बघणं तुम्हाला कॉपी केल्यासारखं वाटायचं. तोंडापाशी पोचलो, मी बांबू टाकला, लाल पट्टी कोरडी. पुढे टाकला, तरी कोरडी. तुम्ही घड्याळ बघितलंत. "भरती संपली. याहून पाणी येणार नाही. चल, फिरव." मी ओरडत होते, वन्सं, थांबा, तिवराचं पान बघा, अजून आत चाललंय, पाणी चढतंय! तुम्ही म्हणालात, "पानाला वारा लागतोय." आणि शीड फिरवलंत. येताना सगळी वाट तुम्ही शीळ घालत होतात. मला इतका राग आला होता की मी खिचडी खाल्ली नाही.

चार दिवसांनी दूधवाल्याचे खाडे लिहायला कॅलेंडरपाशी गेले आणि माझा हात तिथेच थांबला. एकादश्या दोन होत्या! आदल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. आपल्या घरी भागवत धरतात, म्हणून तुम्ही त्या दिवशी एकादशी मोजलीत. पण पाण्याच्या हिशेबाने एकादशी आदल्या दिवशीच होऊन गेली होती, त्या दिवशी द्वादशी. म्हणजे खरी भरती तुमच्या वेळेपेक्षा पाऊण तास पुढे. आपण पाणी चढत असताना परत फिरलो होतो! तुम्ही बाहेर गेल्या होतात, मी तशीच तुम्हाला फोन लावला.

"आपल्या घरात एकादशी भागवतच असते," तुम्ही म्हणालात.

"घरात असू द्या हो. खाडीला उपास नसतो."

"पाऊण तासाने काय मोठा फरक पडतो?"

"मग परत जाऊन बघू या."

"बघू," म्हणालात. आणि मग पाऊस लागला. पावसाळ्यात होडी उलटी करून ठेवायची. गणपती गेले, दसरा गेला, आणि तुम्हाला धाप लागायला लागली. आधी वाटलं जिन्यामुळे. मग कळलं, जिन्यामुळे नाही.

हॉस्पिटलमधलं एकच सांगते, बाकीचं तुम्हालाही आवडणार नाही. त्या दिवशी तुम्ही फारच थकलेल्या दिसत होतात. मला काय करावं सुचेना. तुमचा हात धरला आणि म्हटलं, "वन्सं, मी खूप विचार केला. तुमचंच बरोबर. वाट ठाण्याकडूनच असणार." तुम्ही डोळे उघडलेत. नाकावरचा मास्क बाजूला केलात, नर्स धावत आली तरी केलातच. आणि वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीवर ओरडावं तशा म्हणालात, "मला असं मरणाऱ्या माणसासारखं जिंकवू नकोस. जाऊन बघ. मी चुकले असेन तर स्पष्ट सांग. गोड बोलू नकोस माझ्याशी."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. बाकीच्यांना तुम्ही आशीर्वाद दिलेत, मला झापलंत. सांगू का, मला ते फार आवडलं. मी रडत होते आणि मला ते फार आवडलं होतं.

तुम्ही गेल्यावर तुमचा भाऊ रेतीबंदराच्या रस्त्याने जाईना. बाजारात जायचं तर लांबून वळसा घालायचा. एक दिवस म्हणाला, "होडीला गिऱ्हाईक आलंय. बदलापूरकडे कोणाचं तरी रिसॉर्ट आहे, त्यांना लॉनवर ठेवायची आहे. आत माती भरून झेंडू लावणार." वन्सं, झेंडू! आपल्या होडीत! पण मी त्याचं तोंड बघितलं. "मला बघवत नाही गं तिच्याकडे," तो म्हणाला. "ती तिथे बांधलेली असते आणि ताई नसते." रविवारी तो माणूस बघायला येणार होता. मी कॅलेंडर बघितलं. रविवारच्या आधी पौर्णिमा होती. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उधाणाचं पाणी, दुपारच्या सुमाराला. मी म्हटलं, "दे विकून. पण आधी एकदा मला घेऊन चल."

"मी? कशाला?"

"बांबू कोण धरणार? मी सुकाणूवर असेन."

"तुला सुकाणू येतं?"

येत नव्हतं. तुम्ही कधी दिलंत कुठे हातात? "पुढे बघ, पुढे बघ" यापलीकडे माझी प्रगती नाही. पण इतकी वर्षं पुढे बघता बघता पाठीमागून तुमच्या शिव्या ऐकल्या होत्या, त्यातून बरंच शिकले होते. काशिनाथदादांनी दोर सोडताना माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बाय, पानी लय हाय आज," म्हणाले. "सांबालून." बाकी काही नाही. तुमचं नाव काढलं असतं तर आम्ही तिघेही तिथेच बसलो असतो.

सकाळचा मतलई, अगदी बारीक. ओहोटीबरोबर खाली निघालो. पहिल्या वळणावर मी सुकाणू उलटं दाबलं आणि होडी सरळ जलपर्णीत. तुमचा भाऊ देवाचं नाव घ्यायला लागला. दुसऱ्या वळणाला जमलं. तिसऱ्याला तर असं जमलं की मी एकटीच हसले. वन्सं, ही मजा तुम्ही इतकी वर्षं एकटीने घेत होतात! बोटभर हललं की सगळी होडी ऐकते! मला म्हणे, "सुकाणू म्हणजे जबाबदारी असते गं, मजा नाही." खोटारड्या.

मामंजीच्या आडोशाला डबा खाल्ला. भरती लागली. मग पश्चिमेकडून तो आला, तुमचा फळ्यावरचा बाण, खारा वारा, मानेवर गार. शिडाला पोट आलं. परातीच्या बांधाजवळ आलो तेव्हा ठाण्याकडचं तोंड आधी लागलं, मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि पुढे गेले. कल्याणकडच्या तोंडाला शीड उतरवलं आणि वल्ह्याने आत वळवली.

"लाल बुडाली," तो म्हणाला. "बुडाली. बुडाली. अगं... दिसतेय! लाल दिसतेय! फिरव!"

होडीचं बूड घासलं आणि आम्ही थांबलो. म्हटलं, गेलं, वन्संचं बरोबर होतं. आणि खरं सांगते, क्षणभर बरंही वाटलं. मग शेजारी तिवराचं एक पिवळं पान दिसलं. वारा आमच्या पाठीशी नव्हता, बांधामुळे तिथे वाराच नव्हता, आणि ते पान हळूहळू आत चाललं होतं.

"नाही फिरवत," मी म्हटलं. "पाणी चढतंय. बस."

"आणि उतरायला लागलं तर? रात्रभर इथे?"

"भाऊ कोणाचा आहेस? बस."

बसलो. त्याने बांबू चिखलात तसाच उभा धरून ठेवला. दोघंही त्या लाल पट्टीकडे बघत होतो, दूध उतू जाईल म्हणून बघतात तसे. पट्टीचा खालचा काठ भिजला. मग अर्धी भिजली. मग पट्टी दिसेनाशी झाली आणि होडीने बुडाखाली एकदम हलकी उचल खाल्ली. तो उठून उभाच राहिला, होडी गदगदा हलली, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी लग्नाच्या वरातीत आवाज काढला नाही तो ओरडला, "बुडाली! माधवी, बुडाली! चल, चल, चल!"

आत गेलो, वन्सं. आम्ही आत गेलो!

केवढी आहे ती आतून! वरून दिसते त्याच्या दुप्पट. चारही बाजूंनी तिवर, पाण्यावर एक सुरकुती नाही, आणि पलीकडच्या टॉवरच्या सगळ्या खिडक्या त्यात उलट्या. बोय मासे टपाटप उड्या मारत होते, एक तर होडीत येऊन पडला, मी किंचाळले, तुमच्या भावाने त्याला दोन्ही हातांनी उचलून परत सोडला आणि "सॉरी" म्हणाला. माशाला! मला इतकं हसू आलं की मी हसता हसता रडायलाच लागले. तुम्ही हे बघायला हव्या होतात. तुम्ही नाही आहात हे मला तोपर्यंत नीट कळलंच नव्हतं, तिथे कळलं. कारण अशा जागी पोचल्यावर मी मागे वळून तुमच्याकडे बघते. काल मागे कोणी नव्हतं, मागे मीच होते.

नांगर टाकला. चहा प्यायलो, थर्मासातला. आणि मग सांगितलेलं काम केलं. आतल्या बाजूने ठाण्याकडच्या तोंडापर्यंत वल्हवत गेलो. ऐन भरतीत तिथे बगळे उभे होते. तुमच्या भावाने बांबू टाकला. पिवळी कोरडी. इकडे टाकला, तिकडे टाकला, दर वेळी कोरडी. नुसता चिखल साचलेला आहे तिथे, आणि कोणीतरी भरावाचे डंपरही रिकामे केलेत.

तर स्पष्ट सांगते, गोड बोलत नाही. तुम्ही चुकलात, वन्सं. साफ चुकलात. वाट कल्याणकडून आहे, एकादशी चुकली होती, आणि पानाला वारा लागत नव्हता.

येताना भरती उतरायच्या आत बाहेर पडलो. मग पुढून, बांबू मांडीवर आडवा घेऊन, तो म्हणाला, "ताईने मानलं नसतं."

"मुळीच नसतं मानलं."

"म्हणाली असती, उधाणाच्या पाण्यात काय, कोणीही जाईल."

मी वल्हं थांबवलं. खरंच म्हणाल्या असतात! शब्द न् शब्द. मला तर तुमचा आवाजही ऐकू आला. आणि वन्सं, त्यात तथ्य आहे. पौर्णिमेच्या पाण्याने एकादशीचं काही सिद्ध होत नाही. मी तिथल्या तिथे हिशेब घालायला लागले, पुढची एकादशी कधी, वारा कसा असेल, आणि कॅलेंडरवर त्या खेपेला एकच आहे की दोन.

घरी आल्यावर चिखलाचे पाय तसेच ठेवून त्याने त्या रिसॉर्टवाल्याला फोन लावला. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत होते.

"सॉरी हं," तो म्हणाला. "होडी नाही देता येणार. घरात तिच्यावरून वाद चालू आहे."

पलीकडच्याला काहीतरी भलतंच वाटलं असावं. कोणाकोणात, असं विचारलं असणार त्याने, कारण तुमचा भाऊ जरासा थांबला.

"माझ्या बायकोत," तो म्हणाला, "आणि माझ्या बहिणीत."